धागा: स्पिती–झांस्कर–चांगथांगसाठी फोर बाय फोर: गाडी कोणती आणि तयारी किती?

रानवाट

पुण्याहून निघून स्पिती, मग मनालीकडून दारचा–शिंकू ला–पदुम, तिथून लेह, शेवटी हानले आणि उमलिंग ला, असा साधारण ४० दिवसांचा प्रवास आखतोय. काळ जुलैअखेर ते सप्टेंबर. माणसं दोन, गाडी एकच. निम्म्याहून अधिक रात्री तंबूत.

चार गाड्यांवर विचार चालू आहे: पाच दरवाज्यांची जिम्नी, थार डिझेल, गुरखा, किंवा वापरलेली इसुझू व्ही-क्रॉस. गाडीखेरीज तयारीसाठी तीन लाख वेगळे ठेवलेत. आत्ताची यादी अशी: छतावरचा तंबू, कॅरिअर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं मोटरचं यंत्र) आणि लोखंडी बंपर, स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी), फ्रीज, जादा बॅटरी, दोन जेरीकॅन, दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), मड टेरेन टायर. यातलं काय चुकतंय, काय राहिलंय, मोकळेपणाने सांगा.

चेसीनंबर

आधी कागद-पेन्सिल घ्या आणि वजन मांडा. गाडी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रत्येक गाडीच्या आरसीवर किंवा चेसीवरच्या पट्टीवर दोन आकडे सापडतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. या दोहोंतला फरक म्हणजे तुमची ऐपत. माणसंही त्यातच मोजायची. जिम्नीचं कमाल वजन १,५४५ किलो आहे आणि रिकामी गाडी १,२०० किलोच्या आसपास भरते. हातात उरतात साधारण ३४० किलो.

आता तुमची यादी किलोत मांडतो. दोन माणसं १५०, कपड्यांच्या बॅगा २४, छतावरचा तंबू ५५, कॅरिअर २५, भरलेला फ्रीज ३०, लिथियम बॅटरी १२, पाणी ४० लिटर म्हणजे ४०, पेट्रोल ३० लिटर अधिक कॅनचं लोखंड मिळून ३०, विंच आणि बंपर ७०, हत्यारं आणि सुटे भाग ३५, गाडी बाहेर काढायचं सामान २०, स्वयंपाकाचं १५, वाळूच्या फळ्या ८. बेरीज ५१४.

ऐपत ३४० आणि सामान ५१४. पावणेदोनशे किलो जास्त, आणि त्यातले ८० किलो छतावर. अशी गाडी डांबरी रस्त्यावर तक्रार न करता चालते, म्हणून माणूस फसतो. पण स्पितीच्या वाटेवर ग्राम्फू ते लोसरच्या दगडगोट्यांवर दिवसाला शेकडो वेळा सस्पेन्शन तळाला आपटतं, आणि मग शॉकअपचं माउंट, कॅरिअरचे पाय, बुश असं एकेक सुटत जातं. लोक त्याला रस्त्याचा दोष म्हणतात. बहुतेक वेळा तो वजनाचा असतो.

सिंधूकाठ

चेसीनंबर यांच्याशी पूर्ण सहमत. वजनाच्या जोडीला पल्लाही मांडा.

मनाली–लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किमी’ ही पाटी सगळ्यांना पाठ असते. लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, त्यामुळे त्या टप्प्याची धास्ती नको. कस हानलेच्या बाजूला लागतो. कारूहून हानले, तिथून उमलिंग ला आणि परत कारू हे अंतर साधारण ६२० किमी धरा. वाटेत कुठे इंधन मिळालं तर आनंदच, पण हिशोब न मिळण्याचा करायचा.

भरलेली जिम्नी, खडीचा रस्ता, पहिला-दुसरा गिअर, मधूनमधून लो रेंज (जादा ताकदीचे, हळू चालणारे गिअर): लिटरला ९ किमीची सरासरी धरा. ६२० भागिले ९ म्हणजे ६९ लिटर. टाकी ४० लिटरची. बाहेर पेट्रोल किती नेता येतं? पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय नेता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात आणि एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकचे पाण्याचे कॅन यात बसत नाहीत. ४० अधिक ३० म्हणजे ७०. गरज ६९. एक लिटर शिल्लक ठेवून चांगथांगच्या, म्हणजे हानलेकडच्या पठारावर जाणं मला मान्य नाही. चुकलेली वाट, बंद पूल, रात्रभर चालू ठेवावं लागलेलं इंजिन, यांसाठी किमान दीडशे किमीचं इंधन उरलं पाहिजे.

थारची टाकी ५७ लिटर, गुरखाची ६३.५. डिझेलला परवान्याशिवाय नेण्याची मर्यादाही खूप मोठी आहे, म्हणून लांब पल्ल्याला डिझेलवाले निश्चिंत असतात.

उंचीचाही विचार करा. खारदुंग ला ५,३५९ मीटर, शिंकू ला ५,१०० च्या आत-बाहेर, उमलिंग ला ५,८०० च्या जवळ. ५,३०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांखाली येते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते. जिम्नीचे १०५ पीएस तिथे ६० च्या आसपास राहतात. टर्बोला हे नुकसान बरंच भरून काढता येतं. जिम्नी चढणार नाही असं नाही. हलकी आहे, लो रेंज आहे, चढते. पण ५१४ किलो घेऊन नाही.

रानवाट

वजनाचा हिशोब पाहून हादरलो. व्ही-क्रॉसमध्ये मागे भरपूर माल बसतो, मग तीच का घेऊ नये?

चेसीनंबर

घ्या की. दोघांना आणि सामानाला पिकअप उत्तम. मागचे कमानपाटे मालासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे रिकामी उडते आणि भरली की शांत होते. दोन अडचणी. व्हीलबेस लांब असल्याने पोट टेकतं, आणि अरुंद वळणावर एका फेरीत वळत नाही. दुसरी म्हणजे वापरलेली गाडी. घेण्याआधी खाली झोपून चेसीच्या आतल्या बाजूने हात फिरवा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत राहिलेली गाडी वरून चकाचक असते आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ चेसीचे पापुद्रे निघत असतात. तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर ती गाडी तिथेच सोडा. ट्रान्सफर केसही (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) तपासा: मोकळ्या मातीवर ४एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर), मग थांबून ४एल (चारही चाकं, लो रेंज), दोन्हीकडे शंभर मीटर. लो पडत नसेल किंवा पडून निसटत असेल तर आतला खर्च मोठा आहे.

लो_रेंज

गाडी निवडताना ‘फोर बाय फोर’ एवढा शब्द पुरत नाही. तीन प्रश्न विचारा: लो रेंज आहे का, डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) कुठे आहे, पुढचं सस्पेन्शन कसलं आहे.

लो रेंज हवीच. शिंकू लाच्या पदुमकडच्या उतारावर ब्रेक तापवायचे नसतील तर ४एल पहिला गिअर हाच उपाय. या चौघी त्या कसोटीला उतरतात.

डिफ लॉकमध्ये गुरखा सगळ्यांच्या पुढे आहे. पुढे-मागे दोन्हीकडे यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतात. जिम्नीत लॉक नाही, तिथे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवली जाते. ते काम करतं, पण पाय सोडला की थांबतं. चाक फिरायला लागल्यावर ॲक्सिलरेटर सोडू नका, दोन-तीन सेकंद स्थिर धरा, मग पकड येते. बहुतेक जण नेमक्या त्याच क्षणी पाय काढतात आणि गाडी अडकली म्हणतात.

पुढचं सस्पेन्शन: जिम्नीत अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग, थार आणि व्ही-क्रॉसमध्ये स्वतंत्र चाकं. लिफ्ट करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, त्यावर कमानपाटा यांनी लिहावं.

एक गोष्ट ठळकपणे: या सगळ्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या प्रणाली आहेत. कोरड्या डांबरावर ४एच लावून वळू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलचा वेग वेगळा असतो आणि मधे डिफरन्शियल नसतं, त्यामुळे सगळी यंत्रणा पिळवटते. लिव्हर परत २एचमध्ये (फक्त दोन चाकांवर) येईना, स्टीअरिंग जड झालं, की समजा पीळ बसलाय. सरळ रेषेत दहा-वीस फूट मागे घ्या, सुटतो. जोर लावून लिव्हर ओढली तर आतला फोर्क वाकतो.

हवा_बत्तीस

टायरवर जरा सविस्तर लिहितो, कारण तीन लाखांतला पहिला रुपया इथे गेला पाहिजे.

मड टेरेन नको. तुमच्या मार्गात सत्तर टक्के डांबर, बाकी खडी, दगड, थोडा चिखल. मड टेरेन ओल्या डांबरावर लांब घसरतात, आवाज करतात, इंधन खातात. ऑल टेरेन घ्या.

आकार वाढवताना व्यासाचा हिशोब करा. जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५ म्हणजे व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३.५, फरक दीड टक्का, लिफ्टशिवाय बसतो. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३३.५, जवळजवळ सहा टक्के. तिथे गिअरिंग उंच होतं, स्पीडोमीटर कमी दाखवतो, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतो, आणि उंचीवर आधीच मेलेल्या इंजिनाला आणखी ओझं होतं. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

हवा, पीएसआयमध्ये. डांबरावर ठरलेली. लांबच लांब खडीवर २५-२६. दगडगोट्यांत २०-२२, वेग ताशी २५ च्या आत. वाळूत, म्हणजे नुब्रा किंवा परतीच्या वाटेवर जैसलमेरकडे गेलात तर, १५-१६. त्याखाली बीड (टायरची आतली कड) रिमवरून निसटतं, विशेषतः तीव्र वळणात. आणि हवा कमी केली की वेगही कमी, यात सूट नाही. २० पीएसआयवर ताशी ७० ने गेलेला टायर बाजूच्या भिंतीत तापतो आणि दुसऱ्या दिवशी फाटतो, मग दोष कंपनीला.

उंचीची गंमत लक्षात ठेवा. पुण्यात ३२ भरून निघालात तर ५,३०० मीटरवर, तापमान तेच असेल तर, गेज ३८ दाखवेल. बाहेरचा दाब उतरलेला असतो म्हणून. पण पहाटे शून्य अंशाला तोच टायर ३३-३४ दाखवतो. दुपारी गरम टायरची हवा पाहून सोडू नका. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. आणि उतरून मनालीला आलात की पुन्हा भरा.

कॉम्प्रेसर: सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको, थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. चांगल्या कॉम्प्रेसरला ३० अँपिअरच्या आसपास लागतात, तो सॉकेट १०-१५ ला फ्यूज उडवतो. उंचीवर एक टायर भरायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, कारण ओढली जाणारी हवाच विरळ असते. दोन टायरनंतर पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. इंजिन चालू ठेवा.

पंक्चर काढणं घरी एकदा जुन्या टायरवर करून पाहा. साबणाच्या पाण्याने जागा शोधायची. खिळा लगेच उपसायचा नाही, आधी पट्टी सुईत ओवून सिमेंट लावून तयार ठेवायची. मग खिळा ज्या कोनात शिरलाय त्याच कोनात कानस चार-पाच वेळा आत-बाहेर. पट्टी टोचताना दीड सेंटिमीटर शेपूट बाहेर राहील इतकीच दाबा, सुई झटक्यात ओढा. भोक मोठं असेल तर दोन पट्ट्या. बाजूच्या भिंतीवरचं छिद्र पट्टीने तात्पुरतंच थांबतं, त्या टायरवर पुढच्या गावापर्यंत सावकाश जायचं. म्हणून एक स्टेपनी रिमसकट, आणि तिच्या जोडीला एक नुसता टायर किंवा निदान योग्य मापाची ट्यूब. व्हॉल्व्हचे कोअर दहा-बारा आणि ते काढायचा छोटा पाना, वजन काहीच नाही.

कमानपाटा

लिफ्टबद्दल. मुळात का हवी, ते ठरवा. भरलेली गाडी मूळ उंचीवर परत आणण्यासाठी जरा कडक स्प्रिंग हे चांगलं कारण आहे. दोन इंच उंच दिसण्यासाठी हे नाही.

जिम्नीसारख्या अखंड ॲक्सलला ५० मिमी उचललं की दोन गोष्टी बिघडतात. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतं, त्याला कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टीअरिंग सरळ यायला नाखूश होतं, त्याला कॅस्टर बुश लागतात. हे न करता नुसते स्प्रिंग बदललेली गाडी ताशी ८० ला भिरभिरते. मग लोक जाड स्टीअरिंग डॅम्पर लावतात. डॅम्परने थरथर झाकली जाते, कारण तसंच राहतं. थरथर आली की क्रमाने पाहा: चाकांचं बॅलन्सिंग, टाय रॉड एंड, पॅनहार्डचे बुश, किंगपिन बेअरिंग.

थार किंवा व्ही-क्रॉसला पुढून उचललं तर सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा) कोन वाढतो आणि रबरी बूट लवकर चिरतात. ३०-४० मिमीच्या पुढे गेलात तर वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात.

शॉकअपवर पैसे घाला. पत्र्याच्या पन्हाळीसारख्या खडीच्या रस्त्यावर शॉकअपमधलं तेल इतकं तापतं की हात लावला तर चटका बसतो, फेस होतो, आणि दमन संपतं. तासाभराने थांबून चारही शॉकअपच्या जवळ हाताची पाठ न्या. तीन गरम आणि एक गार असेल तर गार असलेला मेलेला आहे.

घाटमाथा

थोडा वेगळा सूर. इथे गुरखाच्या डिफ लॉकचं आणि डिझेलच्या पल्ल्याचं कौतुक झालं, पण जिम्नीचं हलकेपण कुणी पुरेसं मोजलं नाही. एकट्या गाडीने जाणाऱ्या दोन माणसांना, चिखलात रुतलेली बाराशे किलोची गाडी फावडं आणि दोन फळ्यांनी बाहेर काढता येते. दोन टनांची गाडी रुतली की बाहेरची मदतच लागते. शिवाय जिम्नीचे सुटे भाग आणि हात लावायला तयार असलेला मिस्त्री मनाली, कारगिल, लेह सगळीकडे सापडतो. सर्वात दमदार गाडीपेक्षा सर्वात लवकर दुरुस्त होणारी गाडी लांबच्या प्रवासाला बरी.

लो_रेंज

हे पटतं. पण मग यादी जिम्नीच्या मापाची करा, गुरखाच्या मापाची यादी जिम्नीवर चढवू नका.

फ्यूजबॉक्स

विजेबद्दल. आगी लागतात त्या इथून, म्हणून नीट वाचा.

४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण ३०-४० अँपिअर-तास खातो, लडाखच्या थंडीत त्याहून कमी. तो गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर चालवला की सकाळी सेल्फ फिरत नाही. म्हणून १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ती थेट अल्टरनेटरला जोडायची नाही. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज पाडतो, शिवाय रिकामी लिथियम बॅटरी एकदम इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर जळतो. मधे डीसी-डीसी चार्जर हवा, २०-३० अँपिअरचा पुरतो.

तार जाड घ्या. ३० अँपिअर, पुढून मागे ५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर: १० चौरस मिमीच्या तारेत अर्धा व्होल्ट गळतो, १६ मध्ये ०.३३. फ्रीजचंच पाहा. ५ अँपिअर, ८ मीटर, दीड चौरस मिमीची तार: जवळपास अर्धा व्होल्ट गेला. फ्रीज कमी व्होल्टेजला बंद पडतो, बॅटरी भरलेली असूनही, आणि दोष फ्रीजला. ६ चौरस मिमी टाका, गळती ०.१२ वर येते.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. मागच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, वरून नागमोडी पाइप, दर फूटभरावर बांधणी. ओरखडणारी तार महिनाभराच्या हादऱ्यांनी उघडी पडतेच.

आणि लिथियम फॉस्फेट शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) थंडीत चार्ज तोडणारा सेन्सर आहे ना, ते विकत घेतानाच विचारा. बॅटरी बॉनेटखाली नको, केबिनमध्ये ठेवा.

तरी माझं मत, या प्रवासात फ्रीजच नको. लेह-मनालीच्या बाजारात भाजी मिळते, आणि हानलेच्या रात्री बाहेर ठेवलेलं दूध तसंच टिकतं. ४२ किलो आणि सगळी वायरिंग वाचली.

सिंधूकाठ

+१. त्याऐवजी प्रेशर कुकर न्या. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. आणि नुसत्या ब्यूटेनची डबी नको, ती शून्याला वायू द्यायचं बंद करते. प्रोपेन मिसळलेली घ्या, किंवा रॉकेल/पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह.

गाठमारी

रुतलेली गाडी काढण्याबद्दल. इथे जीव जातात.

टोचन करताना दोर कुठे अडकवायचा, हे घरून निघण्याआधी ठरवा. गाडी ट्रकवर बांधण्यासाठी दिलेली नाजूक कडी झटका सोसत नाहीत. टो-बॉल तर कधीच नाही, तो तुटून तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो. चेसीला बोल्ट केलेला, ठरावीक क्षमतेचा हुक पुढे एक, मागे एक.

झटका द्यायचा असेल तर ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर, ८-९ मीटर. फक्त ओढायचं असेल तर साधा पट्टा, पण सैल सोडून झटका द्यायचा नाही. कायनेटिक दोर गाडीच्या वजनाप्रमाणे घ्या. जाड तो चांगला असं नाही. अवजड गाड्यांसाठीचा २२-२५ मिमीचा दोर जिम्नीच्या वजनाने ताणलाच जात नाही, मग तो साखळीसारखा हिसका देतो. जिम्नीला १६ मिमी पुरतो.

१९ मिमीची बो-शॅकल (दोर हुकाला जोडायची पिनवाली कडी) ४.७५ टनांची येते, दोन घ्या. पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल सोडा, नाहीतर भाराने ती जाम होते. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाका. माणसं दोराच्या दीडपट अंतरावर आणि कधीही रेषेत नाहीत.

पण दोर काढण्याआधी फावडं. चारही चाकांपुढची माती, पोटाखालचा ढिगारा, मागचं ॲक्सल मोकळं करा, हवा १८ वर आणा, फळी चाकाखाली कोंबा. दहातल्या आठ वेळा गाडी तेवढ्यावर निघते.

विंच न्यायचीच असेल तर कमाल वजनाच्या दीडपट क्षमता. पट्टीवरचा आकडा ड्रमवर दोराचा सर्वात आतला एकच थर उरलेला असतानाचा असतो, दोर सगळा गुंडाळलेला असेल तर ताकद बरीच कमी. पूर्ण भाराला ती ४०० अँपिअरच्या घरात ओढते, आणि चांगथांगच्या पठारावर दोर बांधायला एक झाड नाही. म्हणून जिम्नीवरून ७० किलो उतरवा.

जॅक: मूळ सिझर जॅक आणि खाली ठेवायला एक इंच जाड, फूटभर चौरस लाकडी फळी. उंच फार्म जॅक प्लास्टिकच्या बंपरला लावायला जागाच नसते.

रानवाट

स्नॉर्केलचं काय? स्पितीच्या वाटेवरच्या छत्रू–बातलच्या नाल्यांसाठी हवा ना?

घाटमाथा

नाल्यांसाठी नको. ते नाले सकाळी गुडघ्याखाली असतात आणि दुपारी बर्फ वितळून चढतात. सकाळी आठच्या आत ओलांडा, स्नॉर्केलपेक्षा घड्याळ उपयोगी. थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिमी, गुरखाची ७००, आणि त्याहून खोल वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागते, तिथे स्नॉर्केल काय करणार?

लो_रेंज

इथे थोडा मतभेद. स्नॉर्केलचा खरा उपयोग धुळीत आहे, ताफ्यात मागे असाल तर एअर फिल्टर कमी भरतो. पण तुमची एकच गाडी, तेव्हा नको.

पाण्यासाठी खरी तयारी ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलच्या हवेच्या छिद्राची. ॲक्सल तापलेलं असतं, बर्फाच्या पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरच्या बुचातून रबरी नळी वर इंजिन-बेपर्यंत नेली की आत हवा शिरते, पाणी नाही. नळी आणि क्लिपचा खर्च किरकोळ आहे. मोठ्या नाल्यानंतर डिफचं तेल पाहा. आधी भरायचं बूच सैल करा, मगच खालचं काढा. वरचं जाम निघालं आणि खालचं आधीच काढून तेल सांडलं, तर गाडी तिथेच उभी. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर बदला.

इंजिनात पाणी गेल्याचा संशय असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, क्रँक हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या.

चेसीनंबर

सुट्या भागांची माझी यादी: पुढचा ड्राइव्ह बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होस, क्लिपा, एअर फिल्टर दोन, प्लगचा सेट, फ्यूज-रिले, इंजिन ऑइल २ लिटर, गिअर ऑइल १ लिटर, ब्रेक ऑइल, कूलंट २ लिटर, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप, धातूचा एपॉक्सी, तार, क्लचचा आणि चाकाचा सैल झालेला प्रत्येक नट बसेल असे पाने. ओबीडी स्कॅनर (गाडीचे बिघाड-कोड वाचणारा) छोटासा. डिझेल असेल तर डिझेल फिल्टर दोन आणि त्यातलं पाणी दर आठवड्याला काढा. डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रावण) लागणारी गाडी असेल तर ते उणे ११ ला गोठतं, पण तुमच्या काळात त्याचा त्रास नाही.

सगळी कामं निघण्याच्या दीड महिना आधी संपवा. मग १,००० किमी भरलेली गाडी चालवा, त्यातले शंभर तरी कच्च्या रस्त्यावर. परत येऊन प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासा आणि पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. वाटेत रोज सकाळी नुसतं वाकून पाहिलं की रेघ सरकलेली कळते.

बंपरबद्दल राहिलं: लोखंडी बुलबार डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या आदेशाने नकोत, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. विमा कंपनीला टायरचा आकार, लिफ्ट लेखी कळवा.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी नव्याने केली. गाडी जिम्नी, टायर २१५/७५ ऑल टेरेन, थोडे कडक स्प्रिंग आणि चांगले शॉकअप, लिफ्ट नाही. छतावर काही नाही, तंबू जमिनीवरचा ५ किलोचा. विंच, बंपर, स्नॉर्केल, फ्रीज, जादा बॅटरी गेली. पाणी २० लिटर, हत्यारं-सुटे भाग २८ किलोत. बेरीज ३०० किलो. उमलिंग ला वगळून कारू–हानले–कारू, म्हणजे साधारण ४४० किमी. ७० लिटरमध्ये ९ च्या सरासरीने ६३० होतात, १९० किमी हाताशी राहतात.

शेवटचा प्रश्न: पाणी, पेट्रोल, हत्यारं गाडीत कुठे ठेवायची?

चेसीनंबर

पाणी आणि हत्यारं मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे. पेट्रोलचे कॅन उभे, झाकण वर, पट्ट्याने घट्ट बांधलेले, आणि उंचीवर फुगतात म्हणून रोज सकाळी मोकळ्या हवेत झाकण किंचित सैल करून दाब सोडा. कारूला टाकी भरतानाच कॅन भरा, पुण्याहून भरलेले नेऊ नका. टाकी अर्ध्यावर आली की कॅन आधी ओता, म्हणजे केबिनमधलं पेट्रोल संपतं.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रकांच्या वजनकाट्यावर जा. पूर्ण भरलेली गाडी, दोघं आत बसलेले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. मागच्या ॲक्सलचा आकडा पट्टीवरच्या मर्यादेला टेकत असेल तर हत्यारांची पेटी पुढच्या सीटच्या पायाशी आणा आणि पुन्हा काट्यावर चढा.

हवा_बत्तीस

आणि त्या आकड्यावर सकाळच्या थंड टायरची हवा ठरवा. इथे पावती टाका, पुढे-मागे किती ठेवायची ते काढून देतो.

रानवाट

नक्की टाकतो.